नवी व्हायल उघडली की डोस सरकतो: लायोफिलाइज्ड पेप्टाइडचा हिशोब कुठे चुकतो

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "मागच्या व्हायलला बरोबर चालत होतं." गोठवून सुकवलेलं (लायोफिलाइज्ड) पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, तेच; पेशी त्याच, पिपेट धरणारा हातही तोच. फक्त व्हायल नवी. आणि डोसचा आलेख उजवीकडे सरकलेला. पूर्वी १०० नॅनोमोलरला मिळणारा प्रतिसाद मिळवायला आता १५० लागतात. मग पुरवठादाराला शिव्या सुरू होतात.

मीही एकदा एका पुरवठादाराला चांगलंच तिखट पत्र लिहिलं होतं. उलट उत्तरात एकच प्रश्न आला: "नेट पेप्टाइड कंटेंटचा आकडा धरलात का?" तो आकडा, म्हणजे पावडरीच्या वजनात पेप्टाइडचा खरा वाटा, व्हायलबरोबर आलेल्या कागदावर होता, आणि तो कागद मी न वाचताच फाईलला लावला होता. जुन्या व्हायलमध्ये हा आकडा ८८ टक्के होता, नव्यात ६२. मी दोन्ही वेळा १०० धरून पाणी घातलं होतं.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. इथला सगळा हिशोब प्लेटमधल्या पेशींसाठी आहे. "केवळ संशोधनासाठी" असं लिहिलेली पावडर निर्जंतुक असेल, एंडोटॉक्सिनमुक्त (जिवाणूंच्या विषापासून मुक्त) असेल याची हमी कुणी देत नाही. ती शरीरात टोचायची वस्तू नव्हे, त्यामुळे सिरिंजवरच्या "युनिट"चं गणित इथे सापडणार नाही.

आधी बघा, चूक किती पटीची आहे

स्टॉक (घट्ट मूळ द्रावण) फेकण्याआधी, पत्र लिहिण्याआधी, जुना आणि नवा स्टॉक एकाच दिवशी एकाच प्लेटवर लावा. पेशींवरच्या चाचणीत ईसी-५० (निम्मा प्रतिसाद देणारी तीव्रता) एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात दुपटीने इकडेतिकडे होणं नवीन नाही. वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या दोन आलेखांची तुलना करून व्हायलला दोषी ठरवता येत नाही. जुना स्टॉक संपला असेल तर हे जमणार नाही, म्हणून नवी व्हायल उघडेपर्यंत जुन्याचा एक तरी छोटा वाटा, म्हणजे अ‍ॅलिकोट शिल्लक ठेवायची सवय लावून घ्या.

एका प्लेटवरही फरक दिसला तर तो किती पट आहे ते मोजा. चूक कुठे झाली हे बहुधा त्या पटीवरूनच कळतं. सव्वा ते दीड पट असेल तर संशय वजनावर: क्षार, पाणी, शुद्धता. बरोबर दुप्पट असेल तर वेलमधल्या (प्लेटवरच्या खळग्यातल्या) आकारमानावर. दहापट असेल तर डायल्यूशनची (पातळ करण्याची) एखादी पायरी गाळली गेली आहे किंवा दोनदा झाली आहे. हजारपट म्हणजे मायक्रो आणि नॅनोची अदलाबदल, आणि ती ज्येष्ठ मंडळींकडूनही होते. पट सगळीकडे सारखी नसेल, वरचे डोस जुळत असतील आणि खालचेच नाहीसे होत असतील, तर गणित बहुधा ठीक आहे, पेप्टाइड प्लास्टिकला चिकटतंय. आणि पेप्टाइड न घातलेला कंट्रोलही बिघडला असेल तर पेप्टाइडकडे बघूच नका, सॉल्व्हंटकडे (विरघळवणाऱ्या द्रवाकडे) बघा.

साडेचार पट हा एक मजेशीर आकडा आहे. अँजिओटेन्सिन-२ (रक्तदाब वाढवणारं पेप्टाइड) चं रेणुभार १०४६. त्यावर काम करणाऱ्याला "एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे एक मिलिमोलर" अशी सवय लागते, आणि ती खपून जाते, कारण चूक पाच टक्क्यांच्या आत असते. तोच माणूस उद्या एलएल-३७ (जंतूंना मारणारं, ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड) हातात घेतो. त्याचं रेणुभार ४४९३. तिथे एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे फक्त ०.२२ मिलिमोलर. सवय तीच, पण आता चूक साडेचार पट. लक्षात ठेवायचं तर एवढंच: मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला किलोडाल्टनने भागलं की मायक्रोमोलर मिळतं.

लेबलवरचा एक मिलिग्रॅम

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून बघू.

व्हायलमधली पांढरी पावडर म्हणजे निव्वळ पेप्टाइड नसतं. पेप्टाइड शुद्ध करताना एचपीएलसीच्या (घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) द्रावणात ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल, म्हणजे टीएफए, असतं. पेप्टाइडवर जितके धन प्रभाराचे गट असतील, त्या प्रत्येकाला एक टीएफए चिकटून बसतो आणि फ्रीज-ड्राय केल्यावरही तिथेच राहतो. शिवाय थोडं पाणी असतं, कारण ही पावडर हवेतली ओल ओढते. या सगळ्यातून पेप्टाइडचा खरा वाटा किती, तो आकडा म्हणजे नेट पेप्टाइड कंटेंट. तो अमिनो आम्ल विश्लेषणाने किंवा नायट्रोजन मोजून काढतात. एचपीएलसीची शुद्धता ही पूर्ण वेगळी गोष्ट: जे काही पेप्टाइड आहे, त्यात आपल्या क्रमाचं किती. टीएफए आणि पाणी त्या आकड्यात येतच नाहीत. त्यामुळे "९८ टक्के शुद्ध" असलेल्या पावडरीत वजनाने ७० टक्केच पेप्टाइड असणं यात काहीही विसंगत नाही. हे ऐकून लोक दचकतात. मीही दचकलो होतो.

कागदावर नेट कंटेंट दिलेला नसेल (अनेकदा मागितल्याशिवाय देत नाहीत), तर अंदाज स्वतः काढता येतो. अँजिओटेन्सिन-२ चा क्रम घ्या: अॅस्पार्टेट, आर्जिनिन, व्हॅलिन, टायरोसिन, आयसोल्युसिन, हिस्टिडिन, प्रोलिन, फेनिलअॅलनिन. धन गट तीन: पहिल्या टोकाचा अमिनो गट, आर्जिनिन आणि हिस्टिडिन. टीएफएचं रेणुभार ११४, म्हणजे तिघांचं ३४२. पेप्टाइड १०४६ आणि क्षारासह १३८८. भागाकार केला तर ७५ टक्के. हेच पेप्टाइड अॅसिटेट क्षाराच्या रूपात आलं तर अॅसिटिक आम्लाचे ६० गुणिले तीन, म्हणजे १८०, आणि पेप्टाइडचा वाटा ८५ टक्के. एकच पेप्टाइड, एकच वजन, फक्त क्षार बदलला आणि दहा टक्के पेप्टाइड कमी-जास्त झालं. पाणी अजून धरलेलंच नाही, त्यामुळे हा अंदाज म्हणजे वरची मर्यादा समजा. खरा आकडा त्याहून थोडा खालीच असतो.

आता पूर्ण उदाहरण. व्हायलवर १ मिलिग्रॅम, नेट कंटेंट ७२ टक्के, शुद्धता ९६ टक्के. १ × ०.७२ × ०.९६ = ०.६९१ मिलिग्रॅम. भागिले १०४६, म्हणजे ०.६६१ मायक्रोमोल. एक मिलिमोलर स्टॉक हवा असेल तर ६६१ मायक्रोलिटर सॉल्व्हंट घालायचं. काहीच न धरता हिशोब केला असता तर ९५६ मायक्रोलिटर घातलं असतं आणि ट्यूबवर "१ मिलिमोलर" लिहून आत ०.६९ मिलिमोलरचा स्टॉक ठेवला असता. दीड पटीच्या आसपासचा फरक इथून येतो.

या दुरुस्तीचे दोन सापळे आहेत. एक म्हणजे दुहेरी दुरुस्ती. काही कागदांवर रेणुभारच क्षारासकट दिलेलं असतं, १३८८. त्याने भागलं की क्षाराचा हिशोब आपोआप होतो. वर पुन्हा ७५ टक्क्यांनी गुणलं तर पेप्टाइड आहे त्यापेक्षा कमी समजून तुम्ही सॉल्व्हंट कमी घालता आणि स्टॉक ठरवल्यापेक्षा घट्ट होतो. दुसरा सापळा असा की काही पुरवठादार व्हायल भरतानाच नेट वजनाने भरतात. मग लेबलवरचा १ मिलिग्रॅम हा खरोखर पेप्टाइडचाच असतो आणि नेट कंटेंटची दुरुस्ती नकोच. लेबल बघून हे ओळखता येत नाही. विचारावंच लागतं, आणि उत्तर लेखी घ्या.

पेशी संवेदनशील असतील तर क्षार केवळ वजनापुरता प्रश्न राहत नाही. हाडं आणि कूर्चा तयार करणाऱ्या पेशींची वाढ टीएफए अगदी नॅनोमोलर पातळीवरही मंदावतं, असं १९९९ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. पेप्टाइडने वाढ रोखली असं लिहिण्याआधी तेवढंच टीएफए एकटं घालून बघायला हवं, नाहीतर सरळ अॅसिटेट किंवा क्लोराइड क्षार मागवावा.

विरघळलं म्हणजे नक्की विरघळलं का

फ्रीजरमधून काढलेली व्हायल लगेच उघडू नका. डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पावडरीवर बाष्प धरतं आणि पुढच्या वेळचं वजन खोटं ठरतं. उघडण्याआधी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. स्थिर विजेमुळे पावडर झाकणाला आणि कडेला चिकटते, आणि एक मिलिग्रॅममधला झाकणाबरोबर गेलेला कण म्हणजे चांगले दहा-वीस टक्के असू शकतात.

व्हायलमधून थोडी पावडर काढून तराजूवर मोजायचा मोह टाळा. साध्या अॅनालिटिकल तराजूवर एक मिलिग्रॅम मोजताना शेवटचा अंक नाचत असतो. अख्खी व्हायल एकदाच विरघळवा आणि द्रावणाचे भाग करा.

सॉल्व्हंट निवडायला प्रभार मोजा. लायसिन, आर्जिनिन आणि मोकळं पहिलं टोक अधिक एक. अॅस्पार्टेट, ग्लुटामेट आणि मोकळं शेवटचं टोक उणे एक. हिस्टिडिन पीएच सहाच्या खाली अधिक एक, तटस्थ पाण्यात जवळपास शून्य. बेरीज धन आली तर आधी पाणी, नाही जमलं तर दहा टक्के अॅसिटिक आम्ल. ऋण आली तर आधी पाणी, मग अमोनियम बायकार्बोनेटचे थोडे थेंब, पण सिस्टिन असेल तर अल्कली नको, डायसल्फाइड बंध जुळायला लागतात. बेरीज शून्याजवळ आणि पाणी टाळणारी अमिनो आम्लं अर्ध्याहून जास्त असतील तर पाण्यात वेळ घालवू नका, थेट डीएमएसओ हे सेंद्रिय सॉल्व्हंट. मात्र मेथिओनिन किंवा सिस्टिन असेल तर डीएमएसओ त्यांचं ऑक्सिडेशन करू शकतो, तिथे डीएमएफ (दुसरं सेंद्रिय सॉल्व्हंट) बरं.

सुरुवातच पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट बफरने) करणं ही फार पसरलेली सवय आहे, आणि माझ्या मते वाईट. क्षारांच्या गर्दीत पेप्टाइडची गुठळी झाली की ती सुटणं अवघड. शुद्ध पाण्यात किंवा सौम्य आम्लात घट्ट स्टॉक करायचा आणि बफर डायल्यूशनच्या वेळी आणायचा. डीएमएसओतला स्टॉकही बफरमध्ये थेंबाथेंबाने, ढवळत सोडायचा. उलटं, म्हणजे स्टॉकवर बफर ओतलं, तर मधल्या क्षणी घट्ट पेप्टाइडला अचानक पाणी भेटतं आणि ते खाली बसतं.

व्हॉर्टेक्सवर फेस येईपर्यंत हलवू नका. हवा आणि पाण्याच्या सीमेवर पेप्टाइडं एकमेकांना चिकटतात. अलगद उलटसुलट करा, लागलंच तर सोनिकेटरमध्ये थोडा थोडा वेळ, मधे बर्फावर. मग ट्यूब उजेडासमोर धरा. धुरकट दिसत असेल, दोऱ्यांसारखं काही तरंगत असेल, तर ते अजून द्रावण नाही. त्यातून काढलेल्या पहिल्या दहा मायक्रोलिटरमध्ये आणि शेवटच्या दहामध्ये वेगळं पेप्टाइड येईल. तुमचे तीन रेप्लिकेट (एकाच डोसच्या पुनरावृत्ती) एकमेकांशी भांडत असतील तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. धुरकट द्रावण "गाळून घेतलं" असं कुणी सांगितलं की मला धडकी भरते, कारण गाळणीवर नेमकं काय राहिलं ते कुणीच मोजलेलं नसतं.

डायल्यूशन

दोन मिलिलिटर मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) १०० नॅनोमोलर हवं आहे. म्हणजे २०० पिकोमोल. एक मिलिमोलर स्टॉकमधून घ्यायचं तर ०.२ मायक्रोलिटर, आणि तेवढं कुठल्याही पिपेटने विश्वासाने घेता येत नाही. तरी घेणारे आहेत. मधली पायरी करा: १० मायक्रोलिटर स्टॉक अधिक ९९० मायक्रोलिटर बफर, म्हणजे १० मायक्रोमोलर. त्यातले २० मायक्रोलिटर १९८० मायक्रोलिटर मीडियममध्ये. दोन मायक्रोलिटरपेक्षा कमी काही घ्यायची वेळ आली की मी पायरी वाढवतो, हा माझा स्वतःपुरता नियम.

दुपटीची चूक ९६ वेलच्या प्लेटमध्ये होते. वेलमध्ये आधीच १०० मायक्रोलिटर मीडियम असतं आणि आपण वर १०० मायक्रोलिटर पेप्टाइड घालतो. म्हणजे घालायचं द्रावण दुप्पट घट्ट हवं. एकजण वहीत घातलेली तीव्रता लिहितो, दुसरा वेलमधली अंतिम तीव्रता लिहितो, आणि सहा महिन्यांनी दोघांचे आलेख एकमेकांशेजारी ठेवल्यावर बरोबर दुप्पट अंतर दिसतं. वहीत "अंतिम" हा शब्द लिहायचा, एवढाच उपाय.

अर्ध्या लॉगच्या (दर वेळी ३.१६ पट पातळ) पायऱ्या करताना अनेकजण तिप्पट करतात आणि आलेखावर मात्र ३.१६ पटीचे आकडे लिहितात. एक-दोन पायऱ्यांत फरक दिसत नाही, आठव्या पायरीपर्यंत तो दीड पटीवर जातो. १०० मायक्रोलिटर अधिक २१६ मायक्रोलिटर, असं करा.

आणि डीएमएसओ. वरच्या डोसमध्ये ०.१ टक्का आणि खालच्या डोसमध्ये जवळपास शून्य असं होत असेल, तर आलेखात दोन गोष्टी एकदम बदलताहेत. डायल्यूशन साध्या मीडियममध्ये न करता तेवढंच डीएमएसओ असलेल्या मीडियममध्ये करा, म्हणजे प्रत्येक वेलला आणि कंट्रोललाही सारखंच मिळेल.

खालचेच डोस गायब होत असतील तर गणित पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. धन प्रभाराची आणि चिकट पेप्टाइडं पॉलिस्टायरिनला, पॉलिप्रॉपिलिनला, काचेलाही धरून बसतात. एलएल-३७ वर धन गट बारा आहेत, म्हणजे हा त्रास त्यात येणारच. मायक्रोमोलरमध्ये भिंतीला गेलेला वाटा किरकोळ असतो, दहा नॅनोमोलरमध्ये तोच निम्म्याहून जास्त असू शकतो. लो-बाइंडिंग ट्यूब घ्या, डायल्यूशनच्या बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला, आणि पातळ द्रावण करून तासभर ठेवू नका. बीएसएने फरक पडला तर निदान पक्कं.

आठवड्यागणिक मऊ पडणारा स्टॉक

हे थोडक्यात. एका प्रयोगाला पुरेल एवढे अ‍ॅलिकोट करा आणि वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. आपोआप बर्फ काढणारा घरगुती पद्धतीचा फ्रीजर नको, तो अधूनमधून स्वतःच तापतो. डीएमएसओ साधारण १८.५ अंशाला गोठतं, म्हणजे थंड खोलीत वितळलंसं वाटणाऱ्या ट्यूबमध्ये खाली घट्ट थर राहिलेला असू शकतो. पूर्ण वितळवून मिसळल्याशिवाय पिपेट आत घालू नका. क्रमात अॅस्पराजिन आणि त्याला लागून ग्लायसिन असेल तर तटस्थ किंवा अल्कली पाण्यात डीअमिडेशन, म्हणजे त्या अमिनो आम्लाचं हळूहळू रूपांतर, होत राहतं, असा स्टॉक किंचित आम्लात ठेवलेला बरा.

सीरम असलेल्या मीडियममध्ये हिशोब बरोबर असूनही डोस टिकत नाही. सीरममधले एन्झाइम छोटी पेप्टाइडं तोडतात. रक्तात अँजिओटेन्सिन-२ ला काही मिनिटंही मिळत नाहीत. चोवीस तासांच्या प्रयोगात "१०० नॅनोमोलर" हा आकडा पहिल्या काही क्षणांपुरताच खरा असू शकतो.

ट्यूबमध्ये खरंच किती आहे

क्रमात ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असेल तर २८० नॅनोमीटरला उजेड किती शोषला जातो ते मोजा. शोषण गुणांक ट्रिप्टोफॅनमागे ५५००, टायरोसिनमागे १४९०. अँजिओटेन्सिन-२ मध्ये एकच टायरोसिन आहे, म्हणजे ०.१ मिलिमोलर द्रावणाला एक सेंटिमीटरमध्ये ०.१४९ वाचन यायला हवं. वरच्या उदाहरणातला ९५६ मायक्रोलिटरचा चुकीचा स्टॉक दहापट पातळ करून मोजला असता तर ०.१०३ च्या आसपास आला असता. पाच मिनिटांचं काम, आणि पत्र लिहायची वेळ आली नसती. ब्लँकला (पेप्टाइड नसलेल्या तुलनेच्या नमुन्याला) तोच सॉल्व्हंट, तेवढाच.

एलएल-३७ मध्ये दोन्ही नाहीत, त्यामुळे २८० ला ते जवळजवळ दिसतच नाही. तिथे २०५ नॅनोमीटरला पेप्टाइड बंधच मोजायचे: एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरला साधारण ३१. या तरंगलांबीला डीएमएसओ सगळं झाकून टाकतं आणि अॅसिटेटही उजेड शोषतं, म्हणून पाण्यातला स्टॉक बराच पातळ करूनच मोजा. बीसीएसारख्या, रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या किटवर छोट्या पेप्टाइडसाठी मी भरवसा ठेवत नाही, कारण त्यातलं प्रमाणित प्रथिन आणि दहा अमिनो आम्लांचा तुकडा सारखा रंग देत नाहीत.

जुन्या निकालांचं काय, हा प्रश्न उरतो. चूक वजनाची असेल तर ती सगळ्या डोसांना सारखीच लागू होते. वहीत व्हायलचा लॉट नंबर आणि घातलेलं आकारमान असेल, तर नोंदवलेले १०० नॅनोमोलर ०.६९ ने गुणून ६९ करता येतात, आलेखाचा आकार तोच राहतो, फक्त अक्ष सरकतो. माझ्या त्या दोन व्हायल मी अशाच जुळवल्या: एका संचाला ०.८८, दुसऱ्याला ०.६२, आणि दोन्ही आलेख एकमेकांवर बसले. भिंतीला चिकटलेल्या किंवा नीट न विरघळलेल्या स्टॉकचे आकडे मात्र असे परत मिळत नाहीत. ते प्रयोग पुन्हा लावावे लागतात.